डोंगरे मॅडम आणि उलटं स्टूल

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास जरीपटक्याच्या बाजारातून तुम्ही कधी गेला असाल, तर परकर-ब्लाउजपीसच्या एका दुकानावरच्या खिडकीतून दहा-बारा बायकांचा एका सुरातला ओरडा तुमच्या कानावर पडला असेल, ‘सासराऽ आलाऽ!’ मग सात-आठ सेकंद चिडीचूप. मग ‘सासराऽ गेलाऽ!’ आणि पाठोपाठ एक लांबलचक सुस्कारा. वर कुठल्यातरी महिला मंडळाच्या नाटकाची तालीम चालली असेल, असं खालच्या दुकानदाराला पहिले सहा महिने वाटत होतं. पण ते नाटक नव्हतं. तो व्यायाम होता, आणि तो घेणारी बाई म्हणजे आमच्या डोंगरे मॅडम.

कल्पना डोंगरे, फिजिओथेरपिस्ट. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, आवाज मात्र सहा फुटी. सलवार-कुर्त्यावर पांढरा कोट, ज्याची बटणं लावलेली मी कधी पाहिली नाहीत, आणि पायात भडक नारिंगी पळायचे बूट. एवढी शिकलेली बाई, पण पेशंटशी बोलायची ती अस्सल नागपुरी. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, ‘शुद्ध बोललं की बाया ताठ बसतात वं. ताठ बसलेली बाई खरं सांगत नाही.’

त्यांच्या पाटीवर मान, कंबर आणि गुडघा एवढंच लिहिलेलं होतं. खरं काम चौथंच होतं. बायकांची लघवी सुटणं, संडासवर ताबा न राहणं, त्यावरचे व्यायाम. ते पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायची त्यांची फार इच्छा. ‘पण थे वाचून जिना कोन चढन? खालून लोक पाहतीन नं! म्हणून कंबर लिहिली. कंबर म्हणजे परवाना हाये.’

मीही तो परवाना घेऊनच जिना चढले होते.

मी एसटीत कंडक्टर. चौदा वर्षं झाली, त्यातली बरीचशी नागपूर–रामटेक रस्त्यावर. भरल्या गाडीत उभं राहून घंटीची दोरी ओढावी आणि एवढं मोठं धूड आपल्या एका ओढीनं हलावं, याच्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. पण दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी लघवी सुटायला लागली. खोकलं की सुटे, शिंकलं की सुटे, गाडी ब्रेकरवरून उडाली की हमखास. मी काळ्या सलवारी घालायला लागले, पाणी प्यायचं सोडलं, आणि शेवटी ‘मला टेबलावरचं काम मिळावं’ असा अर्ज लिहून थैलीत ठेवला. घरी, डेपोत, सगळीकडे कारण एकच सांगितलं होतं, कंबर दुखते. तो अर्ज दिला असता तर दोरी कायमची हातातून सुटली असती, आणि तो मी दोन-चार दिवसांत देणार होते.

मॅडमनी माझी कंबर मिनिटभर दाबून पाहिली.

‘काम काय करतं?’

‘कंडक्टर आहे. रामटेक गाडीवर.’

‘अरे वा!’ त्यांनी पेन खाली ठेवला. ‘मंग सांग बरं, त्या रस्त्यानं बायांसाठी संडास कुठं कुठं हाये?’

मी सांगत सुटले. कामठीला कोणत्या पंपाच्या मागे, कन्हानला कुठला हॉटेलवाला नाही म्हणत नाही, मनसरला कुठे दार एका हातानं धरून बसावं लागतं. नऊ ठिकाणं, एका दमात. माझं सांगून होईपर्यंत त्या गालावर हात ठेवून कौतुकानं ऐकत होत्या.

‘अवं सुनंदे, कंबर दुखणाऱ्या बाईले नऊ संडास तोंडपाठ कायले पाह्यजेत?’

मी रडायलाच लागले. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला पकडलं होतं आणि पकडल्याचं मला इतकं बरं वाटलं!

रडणं संपेपर्यंत त्यांनी पंखा वाढवला, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, ‘आता तोंडानं सांग, काय होते.’

‘ते… थेंब थेंब… तिकडून…’

‘तिकडून म्हणजे कुठून, गोंदियाहून?’

हा त्यांचा नियम होता. ‘ते’, ‘तिकडचं’, ‘खालचं’ असलं काही त्यांच्या खोलीत चालत नसे. प्रत्येक बाईनं एकदा तरी ‘लघवी’ हा शब्द मोठ्यानं म्हटल्याशिवाय उपचार सुरू होत नसत. साठ माणसांच्या गाडीत ‘कामठीवाले उतराऽ’ म्हणून गर्जना करणारी मी, पण त्या तीन अक्षरांशी माझी जीभ अडखळली. दोनदा पुटपुटले, तिसऱ्यांदा कसंबसं म्हटलं. ‘स्टॉप असाच पुकारते का तू?’ असं त्यांनी विचारल्यावर मात्र माझं डोकं फिरलं आणि मी गाडीतल्या आवाजात म्हटलं, ‘लघवी!’ खालचा दुकानदार मान वर करून पाहायला लागला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

एक वाक्य मात्र त्यांच्याकडे बंदच होतं. ‘बाईच्या जातीला हे चालायचंच’ असं कुणी म्हटलं की त्या बाईला जिना उतरून पुन्हा चढून यावा लागे. सत्तरीच्या एका आजीबाईंनाही त्यांनी सोडलं नाही. आजीबाई धापा टाकत वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, ‘नाही चालत वं माय, बिलकुल नाही चालत!’

शिकवण्याची त्यांची तऱ्हा मी जन्मात विसरणार नाही. कोपऱ्यातलं लाकडी स्टूल उचलून त्या टेबलावर उलटं ठेवत. चार पाय वर. मग गळ्यातली ओढणी काढून त्या चार पायांना ताणून बांधत. ‘हे स्टूल म्हणजे तुही कंबर. हे ओढणी म्हणजे आतली झोळी, स्नायूची. सारा संसार हिच्यावर हाये.’ मग झोळीत एक पाण्यानं भरलेला फुगा ठेवायचा, ती लघवीची पिशवी. एक पेरू, तो गर्भाशय. एक दोडका, ते आतडं. आणि मग एकेक गाठ सैल करत जायचं. ‘हे पहिलं बाळंतपण… हे दुसरं… हा दहा वर्षांचा खोकला… आणि हे रोज संडासात कुंथणं.’ ओढणी लोंबायची, फुगा काठाशी सरकायचा, आणि आम्ही बाराही जणी श्वास रोखून त्या फुग्याकडे पाहत बसायचो. एकदा तो खरंच पडला आणि फुटला. पुढच्या दोघी नखशिखांत भिजल्या.

‘पाहा!’ मॅडम आनंदानं ओरडल्या. ‘डिट्टो असंच होते!’

आता त्या ‘सासऱ्या’ची गोष्ट. ती मॅडम प्रत्येक नव्या बाईला स्वतः सांगत, कारण तिच्यात त्यांची स्वतःची चूक होती आणि ती लपवून ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. नवीन नवीन दवाखाना टाकला तेव्हा त्या बायकांना सांगत, ‘जोर लावून आवळा.’ रामटेकजवळच्या एका गावातून शेवंताबाई नावाची बाई येई. धानाच्या बांधीत वाकून रोवणा, म्हणजे भातलावणी करायची, वाकलं की लघवी सुटायची. तिला व्यायाम देऊन पाठवलं. महिन्यानं ती आली ती जास्तच बिघडून. मॅडमनी तपासताना व्यायाम करायला लावला आणि त्यांना घामच फुटला. बाई झोळी वर उचलण्याऐवजी सगळी ताकद लावून खाली ढकलत होती.

‘अवं, खाली काहून ढकलून राहिली तू?’

‘तुमीच तं म्हनलं, जोर लावा. दवाखान्यात नर्सबाई बी हेच म्हने, जोर लाव वं, जोर लाव. चार पोट्टे याच जोरानं काढले नं मॅडम!’

हे सांगताना मॅडम कपाळावर हात मारून घेत. आमच्याकडच्या बाईच्या अंगाला ‘जोर’ हा शब्द एकाच खोलीत शिकवलेला असतो आणि त्याची दिशाही एकच असते. पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी तोवरच्या सगळ्या बायकांना परत बोलावलं, ज्या आल्या नाहीत त्यांच्या घरी गेल्या, माफी मागितली. निम्म्याहून जास्त जणी खालीच ढकलत होत्या.

पण मग वर उचलायला सांगायचं कसं? शेवंताबाईलाच त्यांनी विचारलं, ‘घरात सारे बसले हायेत. समोर सासरा. अन् पोटात वारा धरला. तवा तू काय करतं?’

शेवंताबाई पदर तोंडावर घेऊन म्हणाली, ‘आवळून वर धरा लागते नं बाई! सासरा उठून जाईपर्यंत!’

‘सापडला!’ म्हणून मॅडम ओरडल्या म्हणे. पंधरा वर्षांच्या नव्या नवरीपासून सत्तरीच्या म्हातारीपर्यंत हा स्नायू आमच्याकडे प्रत्येकीनं वापरलेला होता, फक्त त्याला नाव नव्हतं. त्या दिवसापासून ‘जोर’ गेला आणि ‘सासरा’ आला. सासरा आला, उचलून धरा, श्वास मात्र चालू ठेवा. सासरा गेला, पूर्ण सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा.

एका बुधवारी खरोखरचा सासरा आला! सुनेला न्यायला आलेले गृहस्थ, धोतर-टोपी, हातात छत्री. ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोचले आणि आतून बाराजणींनी दणक्यात पुकारा केला, ‘सासराऽ आलाऽ!’ म्हातारे जागच्या जागी थिजले. ‘मी… मी खालीच थांबतो,’ म्हणून वळले. त्यांची सून टेबलाखाली लपायची बाकी होती. मॅडम धावत गेल्या, त्यांना हाताला धरून आत आणलं, खुर्ची दिली, आणि स्टूल, ओढणी, फुगा, पेरू, दोडका सगळं नीट समजावून सांगितलं. एक शब्द गाळला नाही. आम्हाला वाटलं, आता हे सुनेला परत पाठवत नाहीत.

म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. छत्रीची मूठ दोनदा फिरवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, ‘मॅडम, आमची बुढी पाच वर्षं झाले, कोनाच्या घरी जेवाले येत नाही. मले वाटे, भांडली असन कोनाशी. तिले घेऊन येऊ का?’

घेऊन आले. त्या बाईंचा त्रास संडासचा होता. वेळेवर पोचता येत नसे, म्हणून बाहेर पाऊलच टाकत नसत. मॅडमनी त्यांना कमोडवर बसताना पायाखाली पाट घ्यायला शिकवलं, कुंथणं बंद करवलं, आणि झोळीचा व्यायाम पहिल्यापासून. पाच-सहा महिन्यांनी त्या भाच्याच्या साक्षगंधाला गेल्या आणि पंगतीत बसून जेवल्या. ही बातमी आणली ती त्यांच्या नवऱ्यानंच. येताना आमच्या सगळ्यांसाठी बुंदीही आणली होती!

सगळ्याच बायका अशा बऱ्या होत नसत, हेही सांगितलं पाहिजे. काहींना मॅडम पहिल्याच दिवशी सर्जनकडे पाठवत. ‘माह्या हातातलं नाही थे मी नाही म्हणन,’ असं सरळ सांगत. आणि एक बाई अशी आली होती की तिच्यापुढे ‘सासरा’ही हरला. तिशीतली, एका कचेरीत काम करणारी, अतिशय टापटीप. ‘सासरा आला’ म्हटलं की झटकन उचलायची. ‘सासरा गेला’ म्हटलं की काहीच नाही. सुटतच नसे. मॅडमनी तीनदा सांगितलं, ‘गेला वं, गेला तो.’ ती म्हणाली, ‘माझा जात नाही मॅडम. लग्न झाल्यापासून घरात मी कधी सैल बसलेलीच नाही.’

मॅडमनी आम्हाला बाहेर जिन्यात बसवलं. तिला आडवं करून पोटावर उशी दिली आणि नुसता श्वास घ्यायला सांगितलं. उचलणं नाही, मोजणं नाही. ती बाई पाचव्या मिनिटाला झोपून गेली. तासभर मॅडम दाराशी उभ्या राहिल्या, कुणाला आत जाऊ दिलं नाही. कुणीतरी कुरकुर केली तर म्हणाल्या, ‘इचा इलाज चालू हाये. आवाज नको.’ त्या दिवशी मला त्या फार मोठ्या वाटल्या.

थैलीतला तो अर्ज मी त्यांना पहिल्याच दिवशी दाखवला होता. ‘तीन महिने दे मले. मंग खुशाल दे हा साहेबाले.’ त्यांनी माझ्या दोन सवयी मोडल्या. एक, पाणी न पिण्याची. ‘नागपूरच्या मे महिन्यात पाणी बंद? भैताड हायेस का? लघवी गढूळ होते, पिशवी अजून चिडते.’ दुसरी, प्रत्येक स्टँडवर ‘असू दे’ म्हणून जाऊन येण्याची. जोराची लागली तरी धावायचं नाही, जागच्या जागी उभं राहायचं, चार-पाच वेळा उचलायचं, कळ ओसरू द्यायची, मग चालत जायचं. आणि ब्रेकर दिसला, शिंक आली, की आधी उचलायचं. मी इतकी वर्षं त्या रस्त्यावर. प्रत्येक ब्रेकर मला पाठ. माझ्यासारखी विद्यार्थिनी त्यांना मिळाली नसेल.

दुसऱ्या महिन्यात शिंकेला जमलं. मी भर गाडीत ‘जमलं!’ म्हणून ओरडले आणि ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक मारला.

तीन महिने संपायला आले तेव्हा मॅडमनी बुधवारच्या वर्गात सांगितलं की त्या दवाखाना बंद करून गडचिरोलीकडे चालल्या आहेत. तिकडच्या नर्सबायकांना आणि आशाताईंना हे सगळं शिकवायचं काम मिळालं होतं. ‘इथं बारा बाया येतात. तिथं एक नर्स शिकली तं तिच्या साऱ्या गावाले समजन!’ त्यांचे डोळे असे चमकत होते की आम्हाला रागावताही येईना. पण दीड तासाची भरली खेप, पोटभर पाणी पिऊन, न थांबता मी अजून केलेली नव्हती. ती जमली नाही तर अर्ज द्यायचा, असं माझं ठरलं होतं.

त्यांचं ठरलं होतं वेगळंच. जाण्याच्या आदल्या रविवारी सकाळी त्या माझ्या गाडीत चढल्या. नारिंगी बूट, खांद्याला थैली, हातात दोन मोठ्या पाण्याच्या बाटल्या.

‘हे तुही, हे माही. न्याय म्हणजे न्याय. पी!’

गाडी खच्चून भरलेली. कामठीपर्यंत माझी अर्धी बाटली रिकामी झाली, त्यांचीही. मी दोन प्रवाशांच्या मधून वाट काढायची, मागे वळायची, की त्या सीटवरून बाटली उंच करून दाखवायच्या. शेजारच्या आजोबांना वाटलं, काही नवस आहे. कन्हानच्या पुलावर मला कळ आली. अशी आली की डोळ्यांपुढे अंधारी. माझा हात आपोआप दोरीकडे गेला. एकदा ओढली असती तर गाडी थांबली असती. मी दांडा धरून उभी राहिले. उचललं, सोडलं, उचललं, सोडलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, खिडकीबाहेर नदी पाहत बसल्या. पूल संपता संपता कळ ओसरली.

मनसरला गाडी पाच मिनिटं उभी राहिली. मला सगळं ठाऊक होतं, किती पावलं, कुठलं दार. मी खाली उतरले नाही. दोरी दोनदा ओढली आणि गाडी निघाली. शेवटचे ब्रेकर कसे गेले ते मला आठवतही नाही. मी गाणं म्हणत होते बहुतेक.

रामटेकला गाडी लागली. मी दारात उभी राहून एकेकाला उतरवलं, एका म्हातारीचं बोचकं खाली दिलं, एका बाईचं लेकरू धरलं. कोरडी. ठणठणीत कोरडी! तो अर्ज मी पुढे कधी दिला नाही, आजही त्याच रस्त्यावर घंटी ओढते आहे. पण त्या क्षणी मला हे सगळं मॅडमना सांगायचं होतं आणि मॅडम काही उतरेनात. तांदळाचं पोतं घेऊन एक माणूस वाटेत अडकला होता आणि त्याच्यामागे आमच्या मॅडम, कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

‘मॅडम, जमलं! अख्खी बाटली!’

‘हाव, हाव, दिसलं मले! सरक, अवं सरक नं बाई!’ त्यांनी थैली माझ्या अंगावर फेकली, पोत्यावरून उडी मारली, आणि ‘कुठं हाये वं इथं, लवकर सांग!’ म्हणत धूम ठोकली. धावायचं नाही, कळ ओसरू द्यायची, चालत जायचं, हे मला तीन महिने शिकवणारी बाई स्टँडच्या भर गर्दीतून कोट उडवत पळत होती. मी मागून ओरडले, ‘डावीकडे!’ हात वर करून त्यांनी ऐकल्याची खूण केली आणि ते नारिंगी बूट गर्दीत दिसेनासे झाले.

मी त्यांची थैली छातीशी धरून गाडीच्या पायरीवर बसले आणि हसायला लागले. ड्रायव्हर आला, प्रवासी पाहायला लागले, तरी थांबेना. पोट दुखेपर्यंत हसले, वाकून वाकून हसले, इतकं की पाणी आलं. फक्त डोळ्यांतून.